वॉर्डात इन्सुलिन देताना

आधी बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन मिळते. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. अदलाबदल झाली की घोटाळा: १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २५ युनिट जातात. उलट झाले तर फक्त ४. घाईत टोपण आधीच कचऱ्यात गेलेले असते, म्हणून सिरिंजवरचा छापील आकडाही बघाच.

गढूळ इन्सुलिनची बाटली तळहातांत हलकेच फिरवा, जोरात हलवू नका. स्वच्छ आणि गढूळ दोन्ही मिसळायची असतील तर आधी स्वच्छ, मग गढूळ ओढा. ग्लार्जिन (दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन) कशातच मिसळत नाहीत.

बेंबीपासून दोन बोटे सोडून टोचा आणि रोज जागा बदला. गाठ झालेल्या जागी कमी दुखते म्हणून रुग्ण तीच पुढे करतो, पण तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

साधे (रेग्युलर) इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. मात्र ताट खरोखर येणार आहे ना, रुग्ण उपाशी ठेवलेला नाही ना, हे विचारल्याशिवाय सुई लावू नका.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर लगेच रक्तातली साखर तपासा. ७० मिग्रॅ/डेसिलीपेक्षा कमी आणि रुग्ण शुद्धीवर, नीट गिळणारा असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. डॉक्टरांना बोलवा, शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) देण्याची तयारी ठेवा.