हाडांचं सलाईन: ताप दोन दिवसांचा, लक्ष दातांवर ठेवा

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. माझं स्वतःचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून एका बाजूला आतून खिसा असलेले ब्लाउजही करून देते, त्यामुळे याच आजारातून गेलेल्या बायका मापाला येतात. माप राहतं बाजूला आणि पहिला प्रश्न येतो, "ताई, त्या हाडांच्या सलाईननं लई ताप येतो म्हणे?"

बऱ्याच जणींना येतो. मलाही आला होता. पण सगळ्या त्या तापालाच घाबरतात, आणि खरं लक्ष द्यायचं असतं दुसरीकडे.

आधी हे सलाईन कशाला, ते. कॅन्सर परतू नये म्हणून देतात त्या लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवतात, आणि त्याबरोबर हाडंही विरळ होत जातात. झोलेड्रॉनिक अॅसिड, म्हणजे हेच हाडांचं सलाईन, ही झीज धरून ठेवतं. शिवाय पाळी गेलेल्या बायकांमध्ये कॅन्सर हाडात परतण्याचं प्रमाणही त्यानं कमी होतं. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १८ हजारांहून जास्त बायकांच्या माहितीचा एकत्र हिशेब आला, त्यात हे दिसलं. म्हणून ४ मिलिग्रॅमचा डोस, साधारण सहा महिन्यांनी एकदा, बहुतेकींना तीन वर्षं.

जायच्या आधी रक्त तपासून घ्या: क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करतात किंवा थांबतात. डी कमी असेल तर आधी ते भरून काढतात. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. सुई ऑपरेशनच्या बाजूच्या हातात लावू देऊ नका, हे सिस्टरला आपणच आधी सांगायचं. बाटली छोटी, शंभर मिलिलिटरची. ती निदान पंधरा मिनिटं चालली पाहिजे. रांग मोठी आहे म्हणून कुणी चाक सैल करून भराभर सोडायला लागलं तर खुशाल अडवा, कारण घाईनं दिलं की किडनीवर ताण येतो.

आता तो ताप. सकाळी सलाईन घेतलं की संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी कणकण, हुडहुडी, अंग असं मोडून येतं की कूस बदलताना 'आई गं' निघतं. मला तर कात्री उचलवत नव्हती. हा जंतूंचा ताप नव्हे, औषधाला शरीरानं दिलेलं उत्तर आहे. डॉक्टरांना विचारून साडेसहाशेची पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनी घ्या, पेज-सूप-पाणी चालू ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका, पुन्हा किडनीचाच प्रश्न. दोन-तीन दिवसांत उतरतो, आणि पुढच्या वेळी बहुधा फारच कमी येतो किंवा येतच नाही. म्हणून पहिलं सलाईन लग्नसराईच्या शिलाईच्या गर्दीत घेऊ नका, एवढा माझा धंद्यातला सल्ला. तीन दिवसांपुढे ताप राहिला, धाप लागली, छातीत धडधडलं किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर मात्र वाट बघायची नाही. केमो चालू असताना आलेल्या तापाचा नियम वेगळा: लगेच फोन.

ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या, पायात गोळे आले तर कॅल्शियम उतरल्याची शंका घ्या आणि कळवा. सलाईनच्या जोडीला कॅल्शियमची गोळी दिली असेल तर ती थायरॉईडच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये चार तास जाऊ द्या. नाचणीची भाकरी, तीळ चांगलेच, पण ते गोळीच्या जागी नाहीत.

आता दात. पहिल्या सलाईनआधीच दाताच्या डॉक्टरांकडे जा. किडलेली दाढ काढायची असेल ती आधी काढा आणि हिरडी पूर्ण भरू द्या. कारण हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, आणि नंतर दाढ काढली तर क्वचित जबड्याची जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं. सहा महिन्यांच्या वेळापत्रकात हे फार कमी जणींना होतं, पण झालं की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. साफसफाई, दात भरणं, रूट कॅनॉल सहसा चालतं. फक्त सलाईनचं आधी सांगा. मी डिस्चार्ज कार्डाचा झेरॉक्स पर्समध्येच ठेवते. कवळी टोचत असेल तर घासून घ्या. आणि बायांनो, मिश्री सोडा. आमच्याकडे निम्म्या बायका 'दात घासायला' म्हणून लावतात. ती तंबाखूच आहे आणि हिरड्यांचा सत्यानाश करते. हिरडीतली जखम भरेना, दात हलायला लागला किंवा जबडा जड वाटला तर पुढचं सलाईन घेण्याआधी दाखवा.

आणखी एक दुखणं सहज नजरेआड होतं: मांडीत किंवा जांघेत आतून ठणका, कुठं पडल्याशिवाय. वर्षानुवर्षं औषध घेतलेल्यांत मांडीचं हाड क्वचित असं तडकतं, आणि पूर्ण मोडण्याआधी आठवडे दुखत राहतं. मी दिवसभर शिलाई मशीनच्या पायट्यावर असते, त्यामुळे मांडी दुखली की 'कामानं असेल' म्हणून सोडून देणं सोपं. तसं सोडू नका. एक्स-रे मागा, आणि दोन्ही मांड्यांचा.

काहींना सलाईनऐवजी पोटाच्या कातडीखाली डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. त्यात तापाचा त्रास कमी, दातांची काळजी तीच. पण ते मनानं बंद करायचं नाही आणि तारीख चुकवायची नाही. थांबवल्यावर हाडांची झीज एकदम उसळते आणि मणके दबू शकतात. बंद करायची वेळ आली की त्यानंतर कोणतं औषध, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.