इंग्रजीतलं 'विल', जर्मनमधलं 'विल': आधी मराठीत म्हणा, मग लिहा

इंग्रजीच्या आधाराने जर्मन शिकणाऱ्यांच्या वहीत हे वाक्य हमखास सापडतं: "इश विल मॉर्गन कॉमन." लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, मी उद्या येईन. जर्मन माणूस मात्र वाचतो, मला उद्या यायचंय. यायचंय म्हणजे येणारच असं नाही, त्यामुळे समोरचा विचारतो, "बरं, मग अडचण काय आहे?" स्पेलिंग तेच, उच्चारही जवळपास तोच, म्हणून चूक नजरेतून सुटते.

इंग्रजीचं विल भविष्यकाळ दाखवतं, जर्मनचं विल इच्छा. ते 'वॉलन' या क्रियापदाचं रूप आहे. मुळात दोन्ही शब्द एकच आहेत. जुन्या इंग्रजीतही 'विलन' म्हणजे इच्छा असणं असाच अर्थ होता. पुढे इंग्रजीने त्याला भविष्यकाळाच्या कामाला लावलं. जुना अर्थ अजून मृत्युपत्राच्या 'विल'मध्ये आणि 'विलिंग'मध्ये टिकून आहे. आपल्याकडचा 'वर' आणि 'वरणे' हेही याच कुळातले, म्हणजे निवडणं, हवंसं वाटणं.

ठाण्यात किंवा वाशीत ए१ची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेची, तयारी करत असाल तर ही गुंतागुंत सोडवायला इंग्रजीपेक्षा मराठी जास्त उपयोगी पडते. येईन आणि यायचंय यांत मराठी माणूस कधीच गोंधळत नाही. म्हणून इंग्रजी वाक्य समोर आलं की ते थेट जर्मनमध्ये नेऊ नका. आधी मराठीत मोठ्याने म्हणा आणि क्रियापदाचा शेवट ऐका.

शेवट 'यचंय' किंवा 'हवंय' असेल तर वॉलन. इश विल, डू विल्स्ट, एर विल, वीर वॉलन, ईर वॉल्ट, झी वॉलन. 'एर'बरोबर शेवटी ट लावायचा मोह होतो, कारण बाकीच्या क्रियापदांना तो लागतो. इथे लागत नाही. हे रूप मुळात इच्छार्थी होतं, साध्या वर्तमानकाळाचं नव्हतं, म्हणून तो प्रत्यय त्याला कधी चिकटलाच नाही. दुसरं क्रियापद मूळ रूपात वाक्याच्या शेवटी जातं आणि त्याच्या आधी 'त्सू' (इंग्रजीतल्या 'टू'सारखा शब्द) येत नाही. घरी जायचंय म्हणताना तर 'जाणे'ही वगळता येतं: इश विल नाख हाउझे.

शेवट 'तो' किंवा 'ते' असेल तर काम सर्वांत सोपं. 'मी उद्या येतो' असं आपण म्हणतो तसंच जर्मन म्हणतो: इश कॉमे मॉर्गन. उद्या, नऊ वाजता, सोमवारी असा काळ सांगणारा शब्द वाक्यात असला की वर्तमानकाळ पुरतो. 'उद्या नऊला मी ठाण्यात असेन' हे जर्मनमध्ये साधं 'इश बिन मॉर्गन उम नॉइन इन ठाणे' होतं. सुरुवातीच्या पातळीवर भविष्यकाळाची बहुतेक वाक्यं अशीच भागतात.

'ईन, एल, णार' ऐकू आलं आणि वचन किंवा अंदाज ठासून सांगायचा असेल तर 'वेर्डन' घ्या: इश वेर्डे, डू विर्स्ट, एर विर्ट, वीर वेर्डन, ईर वेर्डेट, झी वेर्डन. 'विर्ट' लिहिताना शेवटी डी असतो, उच्चारात ट होतो. पाऊस पडेल: एस विर्ट रेग्नन. इथे विल घातलं तर आजच्या बोलीत अर्थच लागत नाही. गंमत म्हणजे मराठीतलं अंदाजाचं 'असेल'ही इथेच बसतं. 'घोडबंदरला आता ट्रॅफिक असेल' म्हणजे 'आउफ डेर घोडबंदर रोड विर्ट येट्स्ट श्टाउ झाइन'. भविष्याचं रूप, अर्थ मात्र आत्ताचा, दोन्ही भाषांत.

हेच वेर्डन 'होणे' या अर्थानेही येतं, म्हणून दोघं एका वाक्यात भेटतात: इश विल कॉख वेर्डन, मला कुक व्हायचंय. स्वप्न किंवा ध्येय सांगताना विल अजिबात उद्धट वाटत नाही.

दुकानात मात्र मराठीचा आधार अपुरा पडतो. 'दोन पाव पाहिजेत' हे आपल्याकडे साधं वाक्य आहे, पण 'इश विल त्स्वाय ब्र्योटशन' म्हणजे काउंटरवर हात आपटल्यासारखं. तिथे 'इश म्योश्टे' किंवा त्याहून सहज 'इश हेटे गेर्न' वापरा. म्योश्टेमधला ओकार जमत नसेल तर ओठ 'ओ'साठी गोल ठेवा आणि आत 'ए' म्हणा. ए१च्या तोंडी परीक्षेच्या तिसऱ्या भागात चित्र पाहून विनंती करायची असते, तिथे या दोन वाक्यांची सवय उपयोगी पडते. 'खिडकी उघडू का?' असं विचारायचं असेल तर तिसराच शब्द लागतो: झॉल इश दास फेन्स्टर आउफमाखन?

शेजारच्या भाषांकडे वळणाऱ्यांसाठी थोडक्यात. डचचं 'विल', आफ्रिकान्सचं 'विल', स्वीडिशचं 'विल' आणि आइसलँडिकचं 'विल' ही सगळी इच्छेचीच आहेत. भविष्यासाठी डचमध्ये 'झल' किंवा 'खा', आफ्रिकान्समध्ये 'सल', स्वीडिशमध्ये 'स्का' किंवा 'कॉमर अट', आइसलँडिकमध्ये 'मुन' येतं. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये मात्र 'विल' इच्छा आणि भविष्य दोन्हीकडे चालतं, म्हणून तिथे संदर्भ पाहावाच लागतो. डॅनिशमध्ये नम्रपणे मागायचं असेल तर पुढे 'गेर्ने' जोडतात.

ए२च्या पुढे हाच सापळा भूतकाळात पुन्हा लागतो. 'वॉल्टे' दिसलं की इंग्रजीचं 'वुड' आठवतं, आणि मूळ पाहिलं तर दोन्ही एकच आहेत, पण अर्थ वेगळे झालेत. इथेही मराठीकडेच बघा. मला यायचं होतं: इश वॉल्टे कॉमन. बोलावलंस तर येईन, अशी अट असेल तर: इश व्युर्डे कॉमन. आणि मी आलो असतो, पण जमलं नाही, हे सांगायचं असेल तर दोन्ही सोडून 'इश वेर गेकॉमन'.