पीएचपी साइट स्लो आहे? आधी ऑपकॅश बघा

पीएचपी दर रिक्वेस्टला फाइल परत वाचतं, परत कंपाईल करतं, ऑपकॅश चालू असला की कंपाईल झालेला कोड मेमरीतच राहतो आणि ती सगळी मेहनत वाचते. पीएचपी ५.५ पासून ऑपकॅश सोबतच येतो. पीएचपी-इन्फोत (पीएचपीची सेटिंग्ज दाखवणाऱ्या पानावर) चालू दिसत नसेल तर आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे पीएचपीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, opcache.enable=1 करा. ऑपकॅशची डीफॉल्ट मेमरी १२८ एमबी, साठवायच्या फाइल्सची मर्यादा १००००, मोठ्या साइटला दोन्ही वाढवाच. लाइव्ह सर्व्हरवर टाइमस्टॅम्प तपासणी (फाइल बदलली का हे बघणं) बंद केली की अजून थोडा वेग मिळतो पण मग नवा कोड टाकल्यावर एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करायलाच लागतं, नाहीतर जुनाच कोड चालत राहतो आणि आपण उगाच बग शोधत बसतो. डेटाबेसची क्वेरीच स्लो असेल तर मात्र इथे वेळ घालवू नका, आधी डेटाबेसचे इंडेक्स (माहिती पटकन शोधायच्या सूची) बघा.