जांभळा कालवला की चिखल का होतो? रंगचक्र हाताने बनवा, कळेल

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत संकल्पचित्रात मला जांभळी फुलं हवी होती. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा हे पाठ होतं, मग काय, व्हर्मिलियन घेतला, त्यात प्रशियन ब्लू ओतला आणि झाला चिखल, अजून थोडा निळा, अजून थोडा लाल, असं करत करत शेवटी फुलं तपकिरी ती तपकिरीच राहिली. बाटलीतला लाल नुसता लाल नसतो, तो एकतर केशरीकडे झुकलेला असतो नाहीतर गुलाबीकडे, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी सामान. कार्ट्रिज पेपर, कंपास, एक ब्रश, पाण्याचे दोन डबे (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा, आणि हा आळस करू नका), जुनं फडकं आणि पोस्टर कलरच्या सात बाटल्या: लेमन यलो आणि क्रोम यलो (दोन पिवळे), व्हर्मिलियन आणि क्रिमसन (दोन लाल), अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू (दोन निळे), शिवाय पांढरा. काळा सध्या कपाटात ठेवा. आणि बसायचं खिडकीपाशी, दिवसाउजेडी, कारण पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि पांढरा सारखेच दिसायला लागतात.

आता झुकाव ओळखायचा. लेमन हिरव्याकडे झुकतो, क्रोम केशरीकडे. व्हर्मिलियन केशरीकडे, क्रिमसन गुलाबी-जांभळ्याकडे. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे, प्रशियन हिरव्याकडे. जो रंग बनवायचा त्याच्याकडे झुकलेले दोन घ्यायचे, बस. लेमन आणि प्रशियनचा हिरवा लखलखीत येतो, क्रोम आणि व्हर्मिलियनचा केशरी अगदी झेंडूसारखा, आणि जांभळा हवा तर क्रिमसन आणि अल्ट्रामरीन, वर थोडा पांढरा टाकून बघा म्हणजे त्याचा जांभळेपणा दिसेल, नुसता तो फार गडद असतो.

मग चक्र. 8 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत गेलं की बरोबर 6 होतात, प्रत्येकीच्या मध्ये अजून एक खूण, झाली 12 घरं. वरच्या घरात पिवळा, मग चार-चार घरं सोडून... नाही, चुकलं, मध्ये तीन घरं सोडून लाल आणि निळा. पिवळा, लाल आणि निळा या तीन घरांत त्या-त्या रंगाच्या दोन्ही बाटल्यांचं अर्धं-अर्धं मिश्रण भरा. पिवळ्याकडून हिरव्याकडे जाताना लेमन वापरा, केशरीकडे जाताना क्रोम, बाकीचंही तसंच. कालवताना नेहमी फिका रंग आधी घ्यायचा आणि गडद त्यात ब्रशच्या टोकाने टाकायचा. प्रशियन फार जोरकस आहे, चुकून उलटं केलंत तर तो हिरवा करता करता अर्धी बाटली लेमन संपेल. आणि लगेच निकाल लावू नका, वाळल्यावर रंग बदलतो.

चक्रावर समोरासमोर येतात ते विरोधी रंग. शेजारी ठेवले की एकमेकांना चढवतात, हिरव्या पैठणीचा लाल काठ आठवा. पण तेच दोन एकत्र कालवले की एकमेकांना मारतात. माझ्या फुलांचं हेच झालं होतं: व्हर्मिलियनमध्ये पिवळेपणा, प्रशियनमध्ये हिरवेपणा म्हणजे परत पिवळाच, आणि पिवळा जांभळ्याच्या बरोब्बर समोर बसलेला. या मारामारीचा फायदाही होतो हां, वस्तुचित्रात टोमॅटोची सावलीकडची बाजू काळ्याने काळवंडवू नका, लालमध्ये किंचित हिरवा टाका.

गडद-फिकं जमायला 7 चौकोनांची पट्टी करा, पांढऱ्यापासून भर अल्ट्रामरीनपर्यंत. मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला की कुठली पायरी अडखळली ते लगेच दिसतं. चित्र मिळमिळीत वाटतं तेव्हाही हाच फोटो काढा, बहुतेक वेळा रंग बरोबर असतात, पण सगळे एकाच उजळपणाचे असतात.

शेवटचा प्रयोग माझ्या आवडीचा. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात विणलेल्या कापडातला काळा फिका दिसतो अशी तक्रार होती, तिथले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं तर रंग ठीक होता, शेजारचे धागे त्याला तसं दाखवत होते. 1839 मध्ये त्यांनी यावर पुस्तकच काढलं. तुम्ही एक केशरी चौकोन रंगवा, एक निळा, आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एकाच राखाडीचा एकेक छोटा तुकडा चिकटवा. केशरीवरचा निळसर वाटेल, निळ्यावरचा तांबूस. राखाडी मात्र एकदाच कालवून एकाच कागदावर लावा आणि त्यातूनच दोन्ही तुकडे कापा, दोनदा कालवलात तर फरक डोळ्याचा की हाताचा ते कळणार नाही.