पोफळीचं नवं रोप: तण आवरावं कसं, सोबतीला लावावं काय

कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, पोफळीचं (सुपारीच्या झाडाचं) रोप लावलं की आपण पाण्याची आणि शेणखताची काळजी घेतो. जमीन मात्र उघडीच ठेवतो. उघड्या जमिनीत तण येणारच. ते उपटत बसण्यापेक्षा जमीन झाकून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात लव्हाळा या तणापासून करा. त्याची पात ओढली की हातात येते, पण खालची काळी गाठ मातीतच राहते आणि तिला पुन्हा कोंब फुटतो. पाल्याच्या थरालाही तो जुमानत नाही, टोकदार कोंब थर भेदून वर येतात. म्हणून लावणीआधीच वीतभर खणून गाठी वेचून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळू नका. रानमोडी हे झुडपी तण त्यामानाने सोपं. चतुर्थीनंतर, फुलावर यायच्या आत ती मुळासकट काढा आणि तीच आच्छादनाला वापरा.

मग सावली. दुपारनंतरच्या उन्हाने कोवळं खोड भाजतं, त्यावर पिवळे डाग पडतात, ते पुढे तपकिरी होऊन खोड तडकतं आणि मोठेपणी झाड वाऱ्यात तिथेच मोडू शकतं. पोफळी 2.7 मीटरवर असतील तर चार रोपांच्या मधोमध एक केळ लावा, आणि बागेच्या दक्षिण व पश्चिम कडेला केळीची दाट रांग धरा. केळी वाढेपर्यंत त्या बाजूंना माडाची चुडतं (झावळ्या) उभी करा.

भर पावसात आच्छादन पातळ असू द्या आणि चर मोकळे ठेवा, पोफळीला साचलेलं पाणी सोसत नाही. पाऊस ओसरला की गिरीपुष्पाच्या झाडाचा पाला आणि सुकी पानं चार बोटं जाड पसरा. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर तिथे ओल धरून कूज लागते. वरून सोडणं (नारळाची सालं) ठेवायची तर पालथी ठेवा. उताणी ठेवलीत तर त्यांत पाणी साचून डास होतील.

रोपांमध्ये ऊन पडतं तोवर नोव्हेंबरात अळसांदे (चवळी) पेरा. त्यांचा वेल जमीन झाकतो आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. एखादी गाठ नखाने फोडून पाहा: आत गुलाबी दिसली तर तिचं काम चालू आहे. शेंगा तोडून झाल्या की वेल जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या. वेल रोपावर चढू लागला तर लगेच सोडवा.

हळदही चांगली, पण रोपापासून दोन हात लांब. काढणीच्या वेळी कुदळ पोफळीच्या मुळांना लागते. मिरवेल (काळ्या मिरीचा वेल) पोफळीवर चढवायची घाई करू नका, पोफळ सहा-सात वर्षांची होऊ द्या.