वेम्बलीचा जुना पत्ता कुळवृत्तांतात कसा लिहावा

अण्णाकाकांचे निळे एअरोग्राम आमच्या दांडिया बाजारच्या घरात बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेले होते. मागे पत्ता: किंग्जबरी, वेम्बली, मिडलसेक्स. कुळवृत्तांताचं काम अंगावर घेतल्यावर मी नकाशा पाहिला आणि 'ब्रेंट, लंडन' लिहून मोकळी झाले. ते चुकलं होतं. काका तिथे १९६१ ते १९६४ होते आणि ब्रेंट, म्हणजे लंडनचा तो प्रशासकीय विभाग, अस्तित्वात आलं १ एप्रिल १९६५ला.

बडोद्याच्या माणसाला हे पटकन कळेल. माझ्या वडिलांच्या जन्माच्या नोंदीत बडोदे संस्थान आहे, शाळेच्या दाखल्यावर मुंबई राज्य, नोकरीच्या कागदांवर गुजरात. घर तेच, जिनाही तोच.

म्हणून आधी तारीख पक्की करा. पत्रात वर लिहिलेली नव्हे, टपालाच्या शिक्क्यावरची. शिक्का पुसट असेल तर कागद खिडकीशी तिरपा धरा, भिंग लावा. एका पत्रावरचा '६२' मला असाच सापडला.

मग ती तारीख वेम्बलीच्या इतिहासात बसवा. १८९४ साली वेम्बली अर्बन डिस्ट्रिक्ट झालं, आपल्या छोट्या नगरपालिकेसारखं. किंग्जबरी त्यातच होतं, पण दोघांचं पटेना; १९००मध्ये ते वेगळं निघालं आणि १९३४ला परत वेम्बलीत आलं. मधल्या काळात सगळा भाग बदलून गेला होता. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने शेतांत घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, १९२४-२५ला साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं. १९३७ला वेम्बलीला म्युनिसिपल बरोचा, म्हणजे वरच्या पायरीच्या नगरपालिकेचा दर्जा मिळाला. १९६५ला ती बरो आणि शेजारची विल्सडन एकत्र करून ब्रेंट केलं. नाव दोघांच्या हद्दीवरच्या ब्रेंट नदीचं. मिडलसेक्स या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कौन्सिलही त्याच दिवशी संपली.

इथे एक फसगत होते. टपालखात्याने 'मिडलसेक्स' पुढेही कितीतरी वर्षं चालू ठेवलं. तेव्हा १९७२च्या पाकिटावर मिडलसेक्स दिसलं म्हणून माणूस जुन्या काउंटीत राहत होता असं समजू नका.

पुरावा हवा असेल तर मतदारयादी मागा. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून भारतीयांनाही तिथे मतदान करता येई, त्यामुळे आपली माणसं यादीत सापडू शकतात. त्या काळी वय मात्र २१ पूर्ण लागे. यादी आडनावांनी नाही, रस्त्यांनी लावलेली असते. म्हणून ब्रेंटच्या अभिलेखागाराला ईमेल करताना रस्ता, घर क्रमांक आणि वर्ष तिन्ही द्या. वर्षाचा हिशेबही नीट करा: यादी १६ फेब्रुवारीला लागू होई, पण तिच्यात आदल्या १० ऑक्टोबरला तिथे राहणारी माणसं असत. कोणी १९६३च्या डिसेंबरात राहायला आलं असेल तर १९६४च्या यादीत नाव नसणारच, १९६५ची मागा.

घर कधी बांधलं हेही शोधत असाल तर १९३४च्या आधीच्या बांधकामासाठी किंग्जबरीचे वेगळे कागद पाहावे लागतील. राहणाऱ्यांपुरतं त्याचं काम नाही.

आमच्या वृत्तांतात आता अशी नोंद आहे: '१९६१ ते १९६४, किंग्जबरी, वेम्बली म्युनिसिपल बरो, मिडलसेक्स, आता ब्रेंट, लंडन.' 'आता' हा शब्द काकूंनी घालायला लावला, नातवंडांना घर सापडावं म्हणून.