ग्रहणाची रेडिओ नोंद घेताना

२ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण स्पेन, मोरोक्को, इजिप्तमधलं लक्सर, सौदी अरेबिया असं सरकत येईल. महाराष्ट्रात ते दुपारनंतर खंडग्रास असेल, आणि ऐन पावसाळ्यात कोकणात सूर्य दिसेलच याची खात्री नाही. रेडिओला मात्र ढगांची अडचण नाही. ग्रहणात दूरच्या केंद्रांचा सिग्नल बदलतो; त्याच्या नोंदीची तयारी आधीच सुरू करावी.

दिवसा ऊन उंचावरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतं; अशा हवेचा ६० ते ९० किमी उंचीवरचा डी थर मध्यम लहरी शोषतो, म्हणून दूरचं केंद्र रात्रीच लागतं. ग्रहणात ऊन घटलं की या थरातले इलेक्ट्रॉन काही मिनिटांत आयनांशी जुळून नाहीसे होतात आणि शोषण कमी होतं. लहरी परत खाली वळवणाऱ्या वरच्या एफ थरात हेच सावकाश घडतं, त्यामुळे तिथली घट ग्रहणमध्यानंतर दिसते. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात हौशी रेडिओवाल्यांना १४ मेगाहर्ट्झवर संपर्क घटलेले आढळले, तर ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झवर लांबचे संपर्क वाढले.

नवखे हमखास चुकतात ते जागेच्या हिशोबात. लहर एका उडीत, म्हणजे थरावरून एकदाच परतून, येत असेल, तर आपल्या गावावर किती ग्रहण आहे यापेक्षा प्रक्षेपक आणि आपण यांच्या मध्यबिंदूवर, थराच्या उंचीला, किती आहे ते महत्त्वाचं. म्हणून पश्चिमेकडचं केंद्र निवडा. आखातातून येणाऱ्या लहरीचा मध्यबिंदू अरबी समुद्रावर, म्हणजे जास्त झाकोळलेल्या भागात पडतो. ते केंद्र त्या वेळेला चालू असतं का, हे आदल्या आठवड्यातच ऐकून ठरवा.

एसडीआर रिसीव्हर (सिग्नल सॉफ्टवेअरनं उलगडणारा रेडिओ) आणि लॅपटॉप पुरतो. एजीसी (सिग्नलनुसार आपोआप गेन बदलणारी सोय) बंद, गेन म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण स्थिर. एजीसी चालू राहिला तर तो सिग्नलचा चढउतार सपाट करतो आणि नोंद वाया जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरचा खरखराट मध्यम लहरींवर फार येतो. सेकंदाला एक नोंद डेसिबलमध्ये, घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं. डब्ल्यूएसपीआर (हौशींचे अगदी कमी शक्तीचे, संगणकानं उलगडायचे संदेश) ऐकायचं असेल तर रिसीव्हर यूएसबी (अप्पर साइडबँड) पद्धतीवर ७.०३८६ मेगाहर्ट्झला लावा; प्रक्षेपण सम मिनिटाला सुरू होतं, घड्याळ दोनेक सेकंदांहून जास्त चुकलं तर संदेश उलगडत नाही. ऐकण्याऐवजी स्वतः प्रक्षेपण करायचं तर हौशी रेडिओचा परवाना लागतो.

आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस त्याच वेळेला, त्याच अँटेनावर नोंद घ्या. हे ग्रहण दिवस कलताना आहे. त्या वेळी डी थर एरवीही विरळ होऊ लागतो. तुलनेचे दिवस नसतील तर सिग्नल ग्रहणानं वाढला की संध्याकाळ जवळ आल्यानं, हे कुणालाच सांगता येणार नाही. सौरज्वाला झाली तर डी थर उलट दाट होतो, म्हणून त्या दिवसांचा सूर्याच्या क्ष-किरणांचा आलेख आणि केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचं माप) नोंदीसोबत ठेवा.

डॉप्लर सरक, म्हणजे थर वरखाली झाल्यानं लहरीच्या वारंवारतेत होणारा किंचित बदल, मोजण्याचा मोह पहिल्या खेपेला टाळलेला बरा. १० मेगाहर्ट्झवर ती साधारण एका हर्ट्झच्या आसपास असते; दशलक्षात एक भाग चुकणारा ऑसिलेटर (रिसीव्हरची वारंवारता ठरवणारा भाग) तिथे १० हर्ट्झ चुकतो. जीपीएसशी बांधलेला ऑसिलेटर असेल तरच त्यात पडा.